पत्र्याखालचा उजेड

प्रोकोपिओ गेला त्या हिवाळ्यानंतर ओफेलिया पहिल्यांदाच एकटी सांता रुफिनाला आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण न्यू मेक्सिकोच्या डोंगरातलं हे सासरचं गाव तिने पाहिलं ते फक्त लग्नांना, बारशांना आणि मातीला. ती आल्बुकर्क शहरात वाढलेली. या मातीच्या घरांत तिचा जीव रमायचा नाही, आणि ते तिच्या नणंदेला, बेनिग्नाला, पक्कं ठाऊक होतं. तरी फोन बेनिग्नानेच केला होता.

"एक दिवस नीट ये. नवऱ्याचं गाव बघ तरी. की नवरा गेला म्हणजे गावही गेलं?"

"येते, वन्सं," ओफेलिया म्हणाली. नाही म्हणायची सोयच नव्हती.

बेनिग्ना ऐंशीच्या पुढची. पाठ ताठ, जीभ त्याहून ताठ. सकाळीच तिने भावजयीला गावच्या पाटावर नेलं. पाणी काठोकाठ वाहत होतं.

"इथे तुझा नवरा लहानपणी वाहून चालला होता. मी सदऱ्याला धरून ओढला. नाहीतर तुला दुसरा शोधावा लागला असता."

"कदाचित बराही मिळाला असता," ओफेलियाच्या तोंडून निघून गेलं.

बेनिग्ना थबकली, मग खो खो हसली. "अगोबाई! तुला बोलता येतं की!"

तिथून त्या चुलतभावाच्या हातमागापाशी गेल्या, अर्धवट विणलेल्या घोंगडीवरून हात फिरवून आल्या. मग कबरस्तानात. प्रोकोपिओच्या लाकडी क्रुसावरचा रंग अजून नवा होता. तिथे उभं असताना शेजारच्या चर्चच्या छपरावरून ठणाठण आवाज येऊ लागले. माणसं पत्रे उतरवत होती. बेनिग्नाने तिकडे पाठ केली.

"वन्सं, ह्यांच्या नावाची मेणबत्ती लावायची होती. आत जाऊ या ना."

"आज नाही."

"अहो, पण मी आजच आलेय ना?"

बेनिग्ना एकदम उसळली. "ते पत्रे माझ्या बापाने आणलेत. स्टेशनपासून बैलगाडीने, डोंगर चढवून. मी जन्मायच्या आधी. सारा गाव नाचला होता म्हणे, आता चर्च गळणार नाही म्हणून. आणि छप्पर दुरुस्त करायला घेतलेला हा एपिमेनिओ सांगतो, पत्र्याखाली ओल धरली, वासे कुजले. म्हणतो, खाली जुनं मातीचं छप्पर आहे, वेदीवर ते उंच होतं आणि त्या पायरीत एक बुजवलेली खिडकी आहे. खिडकी! जन्म गेला माझा त्या चर्चमध्ये. मला दिसली नाही ती खिडकी!"

ओफेलियाने तिचा हात धरला. आजवर तिने कधी धरला नव्हता. "मेणबत्ती लावू आणि निघू. वर बघायचंच नाही."

बेनिग्ना कुरकुरत आली.

आत नेहमीसारखाच अंधार. जाड भिंती, गार जमीन, मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास. पुढे वेदीमागचा रंगवलेला लाकडी पडदा नुसता काळा दिसत होता. ओफेलियाने मेणबत्ती लावली, दोघी पहिल्या बाकावर बसल्या. डोक्यावर कुदळीचे घाव चालले होते. चिमूटभर माती बेनिग्नाच्या शालीवर पडली.

"एपिमेनिओ!" ती छताकडे बघून ओरडली. "माझ्या अंगावर चर्च पाडतोस का रे?"

"बाजूला व्हा, मावशी!" वरून दबका आवाज आला. "शेवटच्या विटा आहेत!"

काहीतरी धपकन बाहेरच्या बाजूला कोसळलं. आणि उजेड आला.

तो दारातून आला नाही, भिंतीतल्या खिडकीतूनही नाही. बसल्या जागेवरून त्याची वाट दिसतच नव्हती. डोक्यावरून, कुठूनतरी उंचावरून तो उतरला आणि सबंधच्या सबंध वेदीवर जाऊन पडला. बाकीचं चर्च होतं तसंच अंधारात राहिलं. हवेतली धूळ सोन्यासारखी तरंगत होती. आणि त्या काळ्या पडद्यातून रंग वर येत होते. निळा, गेरूचा तांबडा, हळदीसारखा पिवळा. वेलबुट्ट्या, डाळिंबं, दोन्ही बाजूंना पंख पसरलेले देवदूत. मधोमध गावाला जिचं नाव ती संत रुफिना, भुवया कोरलेल्या, गाल गुलाबी, थेट समोर बघणारी.

ओफेलियाला वाटलं, इथे आपण जरा हललो तरी हे विझेल.

"अगं," बेनिग्ना कुजबुजली, "तिच्या हातात मडकं आहे."

"हो, वन्सं."

"आम्ही पाव समजत होतो. जत्रेला दरवर्षी तिच्यापुढे पाव ठेवतो आम्ही." ती पुढे झुकली. "माझ्या आईनेही ठेवला. पत्रे चढल्यावर ती या गावात सून म्हणून आली, बिचारीने कधी पाहिलंच नाही हे."

ती उठली. काठी बाकावरच राहिली. हळूहळू ती उजेडात जाऊन उभी राहिली. तिची काळी शाल, पांढरे केस, सुरकुतलेला हात, सगळं त्या रंगांत न्हालं. जन्मभर सगळ्यांना शब्दांनी झोडपणारी ही बाई तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी वर बघत होती. ओफेलियाला आपल्या नवऱ्याचा चेहरा त्या चेहऱ्यात पहिल्यांदा दिसला.

छपरावरची माणसं उतरून आत आली. मातीने माखलेला एपिमेनिओ पुढे होता. काहीतरी सांगायला आला होता तो, पण वेदीकडे नजर गेली आणि त्याने टोपी काढली. बातमी गावात पोचली असावी. एकेक जण येत गेला. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या बुटाला शेतातला चिखल. एका बाईने लेकराला उंच धरलं.

मग बेनिग्नाने जुनं भजन धरलं. आधी एकटीचाच आवाज, चिरका, थरथरणारा. दुसऱ्या कडव्याला पुरुष मिळाले, मग सगळेच. ओफेलियाला शब्द येत नव्हते. शेजारच्या म्हाताऱ्याच्या ओठांकडे बघत ती गात राहिली, आणि आपले गाल ओले झालेत हे तिला फार उशिरा कळलं.

उजेड हळूहळू सरकला. रुफिनाच्या खांद्यावरून एका देवदूताच्या पंखावर, तिथून भिंतीवर. तो निघून जाईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

बाहेर पायरीशी पत्र्यांचा ढीग पडला होता. बेनिग्ना त्याच्यापाशी थांबली. एपिमेनिओ संकोचून म्हणाला, "मावशी, तुमच्या वडलांचे हे पत्रे... टाकायचे नाहीत आपण."

"टाकायचे नाहीतच. माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला घाल," ती म्हणाली. "बाप माझा शहाणा होता. गळतं म्हणून झाकलं त्याने. त्याला कोण दोष देतंय?" मग भावजयीकडे वळून, "तुझी गाडी कितीची?"

"संध्याकाळची."

"सोडून दे. उद्या सकाळपासून येऊन बसू. येतो कसा तो उजेड, ते मला बघायचंय."

"बरं, वन्सं," ओफेलिया म्हणाली, आणि दोघी जेवायला घराकडे निघाल्या.