शूशू कोण होणार?

पुतणीने चिनी मुलाशी लग्न ठरवलं याचं काकांना काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते तिने त्यांना शूशू म्हटलं तेव्हा.

काका आणि पुतणीचे बाबा जुळे भाऊ. एकाच दुकानात किल्ल्या बनवायचे. एक जण यंत्रावर किल्ली कापायचा, दुसरा कानशीने तिच्या कडा घासायचा, आणि दोघे मिळून गिऱ्हाइकाचं डोकं खायचे. लग्न जवळ आलं तशी पुतणी रोज संध्याकाळी दुकानातल्या स्टुलावर येऊन बसू लागली. मुलाकडची मंडळी येणार, त्यांच्यासमोर नुसते दात काढून कसं भागेल? चार नाती तरी त्यांच्या भाषेत यायला हवीत, असा तिचा हट्ट.

सुरुवात झकास झाली. मामाला वेगळा शब्द, मावशीला वेगळा, आणि चक्क साडूलाही एक.

"बघ!" काका खूश झाले. "इंग्रजीत नुसता लगदा. मामा अंकल, काका अंकल, कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही अंकल. ही माणसं आपल्यातली आहेत. साडूला शब्द आहे म्हणजे साडूचा ताप त्यांनाही आहे."

"आत्याला गूगू म्हणतात," पुतणी म्हणाली.

दोघे भाऊ पोट धरधरून हसले. त्यांची मोठी बहीण, सगळ्या घराला धाकात ठेवणारी आक्का, आणि तिला गूगू! बाबांच्या हातातली किल्ली खाली पडली.

"आणि वडिलांचा मोठा भाऊ बोबो, धाकटा शूशू. म्हणजे काका, तुम्ही शूशू."

काकांचं हसू जागच्या जागी वाळलं.

"साठी उलटली माझी! भरल्या पंगतीत जावई मला शूशू म्हणणार आणि मी ओ देऊ? लोक मला हाताला धरून संडासाकडे नेतील."

"मग धाकटा कशाला जन्मलास?" बाबा म्हणाले.

"धाकटा कोण? आधी मी आलो. आक्काने स्वतः सांगितलंय मला."

"आक्काने? तिने तर मला सांगितलंय की आधी मी!"

काका हा शब्द मोठ्या पोटाचा, त्यात थोरला-धाकटा दोघेही मावतात. इतकी वर्षं हा वाद त्यात गाढ झोपला होता, चिनी भाषेने त्याला कान धरून उठवलं. पुढे कित्येक दिवस दोघे भाऊ गिऱ्हाइकामार्फत बोलत होते. "साहेब, तुमच्या डावीकडच्या गृहस्थांना जरा विचारा, कानस कुठे घातली?"

मग पुतणी नवी बातमी घेऊन आली. लग्नाच्या जेवणात मुलीकडून घरातल्या थोरल्याने चार शब्द बोलावेत, अशी मुलाच्या आजीची इच्छा होती. तेही चिनीत.



"तसं शूशू काही वाईट नाही," काका म्हणाले. "सुटसुटीत आहे."

"छे, छे! तुझं वय तुझ्या तोंडावर दिसतं," बाबा म्हणाले. "थोरला तूच."

शेवटी दोघे आक्काकडे गेले. ती कुंड्यांना पाणी घालत होती.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "मला शेजारी नेऊन झोपवलं होतं. सकाळी येऊन बघते तर एकाच दुपट्यात दोन माकडं. आंघोळ घालताना तुमची अदलाबदल झाली, ती आईलाही कधी उलगडली नाही."

"मग आम्हाला का सांगितलंस?"

"पाण्याचं पिंप हलवायचं असलं की म्हणायचे, तू थोरला ना रे? काम फत्ते. दोघांनाही लागू पडायचं." तिने झारी खाली ठेवली. "आता जो भाषण करील तो थोरला. शेपूट घालील तो शूशू. आणि मला कोणी गूगू म्हणालं तर दोघांचीही थोबाडं रंगवीन."

पोरीचा बाप म्हणून भाषण बाबांच्या गळ्यात पडलं. ते दिवसभर यंत्रावर घोकत राहिले आणि काकांना ऐकून ऐकून कंटाळा आला.

जेवणाच्या दिवशी बाबा उठले, मुलीकडे एकदा बघितलं, आणि पहिल्याच शब्दाला अडले. तोंड उघडायचं, मिटायचं, पण शब्द काही फुटेना. मुलाकडची मंडळी चमचे खाली ठेवून वाट बघत होती. काकांना ते बघवेना. त्यांनी भावाला खांदा धरून खाली बसवलं आणि स्वतः सुरुवात केली.

व्याह्यांना चिनीत म्हणतात छिंगज्या. काका म्हणाले छिंगज्याव. म्हणजे ढोबळी मिरची. त्यांनी आदरणीय ढोबळ्या मिरच्यांचं मनापासून स्वागत केलं. आमचं घर हे ढोबळ्या मिरच्यांचंच घर आहे, असं छातीवर हात ठेवून सांगितलं. पुतणीने कपाळ बडवलं. विहीणबाईंनी तोंडात रुमाल कोंबला. आणि मुलाची आजी अशी हसत सुटली की तिला कवळी हाताने धरावी लागली. ती काठी टेकत आली, काकांचा हात हातात घेऊन थोपटला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतेय?" काकांनी घाबरून विचारलं.

"म्हणतेय, या घरातली सगळ्यात जून ढोबळी मिरची मीच. बाकीच्या अजून कोवळ्या आहेत," पुतणीने सांगितलं.

सगळ्या टेबलांवर हशा उसळला. बाबांनी नाक शिंकरलं आणि काकांची बाही ओढली.

"अरे, शेवटची दोन वाक्यं राहिली की."

"मला नाही येत ती. तू तिथे पोचलास की रोज रडायचास."

बाबा उठले. या खेपेला आवाज निघाला, आणि त्यांच्या वाटणीचं रडणं पोरीने उरकून घेतलं.