निळ्या बादलीच्या तळाशी

मित्रांनो, मी एक जुनी निळी बादली आहे आणि माझ्या हातून एक पाप घडलं आहे. मला हात नाहीत, हे ठाऊक आहे. पण जे घडलं ते माझ्याच पोटात घडलं.

तरुणपणी मी बोरीवलीच्या एका सोसायटीत चेतनाताईंच्या न्हाणीघरात मिरवत होते. कडी तुटली आणि माझी रवानगी गच्चीवर झाली. तिथे चेतनाताई आणि तळमजल्यावरचे धाकूकाका कुंड्यांमध्ये टोमॅटो लावत. काका एकटेच राहत. रोपांशी मालवणीत गप्पा मारणं हाच त्यांचा विरंगुळा होता. मला ते 'कामाची पोर' म्हणत आणि मी फुगून जात असे.

त्या वर्षी पानांवर करपा या बुरशीच्या रोगाचे काळे ठिपके आले. चेतनाताईंनी माझ्यात निळसर बुरशीनाशक कालवून फवारलं. ठिपके थांबले. मग एक रोप मुळाशी कुजून मान टाकू लागलं, तेव्हा काकांनी मित्रबुरशीची पावडर आणली. ही चांगली बुरशी मातीत वाढते आणि रोगाच्या बुरशीला मुळांपाशी फिरकू देत नाही. ती जिवंत असते, मित्रांनो. काकांनी ती मोठ्या मायेने माझ्यात भिजवली. माझ्या तळाला औषधाचा थर तसाच होता. मी निळी, थरही निळा. कुणाला दिसलाच नाही. बिचारी मित्रबुरशी कुंडीत पोहोचण्याआधीच मेली.

मुळांची कूज पसरत गेली आणि रोपं एकेक करून सुकली. चेतनाताई म्हणाल्या, "तुमची पावडर बोगस निघाली, काका. सगळ्याची वाट लागली. आता राहू द्या ना."

काका जिना उतरले आणि गच्चीवर यायचे बंद झाले. खरं काय ते मला माहीत होतं. पण मला नुसतंच तोंड आहे, बोलता कुठे येतं?

पुढे एकदा ताईंनी मला घासायला घेतलं. गच्चीच्या पांढऱ्या रंगावर निळा ओघळ उतरला. तो फवारणीच्या औषधाचा आहे, हे त्यांनी ओळखलं. मग मला तशीच उचलून काकांच्या दारात घेऊन गेल्या.

"काका, पावडर चांगली होती. ही बादलीच खराब होती."

काकांनी माझ्या तळावरून बोट फिरवलं. "बादलीचो काय दोष गो? धुवक आपणच इसारलंव."

आता मित्रबुरशीसाठी वेगळी, पांढरी बादली आहे आणि मी फक्त औषधाला. काका पुन्हा वर येतात; मात्र जिन्यात दम घ्यायला थांबतात. त्यांचे मधले महिने वाया गेले, ते मला भरून देता येत नाहीत.

म्हणून विनवते मित्रांनो, मारायचं औषध आणि जगवायची बुरशी एका भांड्यात कालवू नका, आणि भांडं नीट धुवा. काकांनी मला कधीच माफ केलंय. तरी वापरण्याआधी ते अजूनही माझ्या तळावरून बोट फिरवून बघतात, तेव्हा मला फार लाज वाटते.