रबराचे चार बुश

पुढच्या उजव्या चाकावरच्या मडगार्डात डोकावलं की इर्मट्राउट हेफेलेला गाडीचं साल कळे. सुरुवातीच्या गाड्यांत तिथं काहीच नसायचं. तेल मागं इंजिनापाशीच थंड व्हायचं. मग आली सापासारखी वेटोळी पितळी नळी. त्र्याहत्तरला पातळ पत्र्यांचा जाळीदार कूलर आला आणि पुढं कधीतरी त्याला पंखा जोडला गेला. हे सगळं ती कारखान्याच्या तळघरात, सुट्या भागांची पुस्तकं लिहिता लिहिता शिकली होती.

तळघरात ती हौसेनं गेली नव्हती. त्याआधी ती वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडकीशी बसून आराखडे काढायची. त्र्याहत्तरचा कूलर तिच्याच हातचा, हादरे शोषणाऱ्या रबराच्या चार बुशांवर बसवलेला. तिचे साहेब फोल्कमार रीट यांनी वजन कमी करायला बुश काढून टाकले. हादऱ्यांनी कूलरचे झाळलेले सांधे तडकले, गाड्यांचं तेल रस्त्यावर सांडलं. चौकशीत रीट म्हणाले, "बाईंनी बुश दाखवलेच नव्हते." मूळ आराखडा काही सापडला नाही. दुसऱ्याच सोमवारी तिची पेन्सिलींची डबी तळघरात पोचली होती. निरोप द्यायला एकही जण जिन्यापर्यंत आला नाही.

आता ती एक्क्याऐंशीची होती आणि लुडविग्सबुर्गच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांच्या क्लबच्या स्पर्धेची परीक्षक होती. नियम कडक होता. गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी. काही वेगळं दिसलं, तर मालकानं कारण लिहून सही करायची आणि जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचायचं. ते परीक्षकाला पटलं, तरच गुण राखले जात.

रीटच्या त्र्याहत्तरच्या गाडीखाली तिनं टॉर्च धरला. कूलरखाली चार काळे, नवेकोरे बुश.

"हेफेलेबाई! अजून वाकता येतं की तुम्हाला!" रीट वरून हसले.

"येतं ना. हे रबर कसं हो इथं, साहेब?"

"त्याशिवाय तडकतो तो. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"असेल. पण या सालच्या गाड्या बिनरबराच्या निघाल्या. चार गुण गेले."

रीटचं हसू मावळलं. मागच्या वर्षी दोन गुणांनी चषक हुकला होता. "थांबा. मूळ आराखड्यात बुश होते. मी स्वतः पाहिलेत."

"कुणाच्या आराखड्यात?"

"तुमच्याच की!"

तिनं टॉर्च विझवला आणि कागद पुढं केला. "मग लिहून द्या. ते कुणी काढून टाकले, तेही लिहा. कारण अर्धवट चालत नाही."

रीटनी कागद हातात घेतला. "पन्नास वर्षं झाली, बाई."

"एक्कावन्न."

शेजारचा परीक्षक ऑयगेन कुजबुजला, "अगं इर्मा, सत्त्याऐंशीचा आहे तो. उन्हात किती उभं करशील?"

"सावली मी भरपूर भोगलीय, ऑयगेन. त्यांना जरा ऊन लागू दे."

रीटनी एकवार चषकांच्या टेबलाकडं पाहिलं आणि लिहिलं.

दुपारी मांडवात मसूर आणि सॉसेजच्या ताटल्या फिरत होत्या. कारखान्यातले जुने अकरा जण एकाच बाकावर बसले होते. रीट उठले. भरभर वाचलं, आणि शेवटी आवाज खाली गेला.

"ऐकू आलं नाही," इर्मट्राउट परीक्षकांच्या टेबलावरून म्हणाली. "पुन्हा वाचा. नावासकट."

रीटनी घसा खाकरला. "मूळ आराखडा इर्मट्राउट हेफेले यांचा. त्यात चार रबरी बुश होते. ते मी काढून टाकायला लावले."

बाकावरचे काटे-चमचे थांबले. त्या सालचा जोडणीचा फोरमन, म्हातारा केखेले, हळूच टोपी काढून तिच्याकडं वळला. तिनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"चार गुण वजा," ती म्हणाली.

"पण मी लिहून दिलंय! तुम्हीच म्हणालात..."

"लिहा म्हणाले. गुण देईन असं कुठं म्हणाले? बुश तुम्हीच काढून टाकलेत ना? मग बिनबुशाचीच गाडी अस्सल."

रीट मटकन खाली बसले. जरा तरी कणव येईल असं तिला वाटलं होतं. तिनं थोडी वाट पाहिली. आली नाही. मग तिनं पुढच्या गाडीचा कागद उचलला आणि मालकाचं नाव पुकारलं.