कोरे टायर

माझे सासरे अनंतराव, म्हणजे आमचे बाबा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्याच सुमारास मराठवाड्यातला पाऊसही निवृत्त झाला. दोघांपैकी घराला जास्त त्रास कुणाचा झाला, हे मी सांगणार नाही.

औरंगपुऱ्यातली अंधारी जागा सोडून आम्ही शहराबाहेर पडेगावला घर बांधलं. शहर आमच्या मागोमाग तिथवर आलं, नळाचं पाणी मात्र वाटेतच राहिलं. टँकरच्या पाण्यानं गाडी धुतो म्हटलं असतं, तर शेजाऱ्यांनी आम्हालाच धुतलं असतं. बाबांनी त्यावर तोड काढली. गाडी बाहेर काढली की धूळ बसते, धूळ बसली की धुवावी लागते, तेव्हा गाडी बाहेर काढायचीच नाही. हौसेनं घेतलेली ती पांढरी गाडी वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडखाली अंगावर कव्हर घेऊन उभी राहिली. अधूनमधून बाबा इंजिन सुरू करायचे, कौतुकानं ऐकायचे आणि बंद करायचे. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडायचा आणि चारी टायरांवर ओल्या कुंकवाची स्वस्तिकं निघायची.

अशात ऐन मे महिन्यात वैजापूरला माझ्या नवऱ्याच्या, मिहिरच्या, चुलतभावाचं लग्न निघालं. मिहिर तयारीसाठी आधीच गेला होता. बाबांनी जाहीर केलं, "गाडीनं जाऊ."

सकाळी डिकीत पिशव्या ठेवताना माझं लक्ष मागच्या टायरकडे गेलं. दसऱ्याचं कुंकू वरून पुसलं गेलं होतं, पण भेगांमध्ये जाऊन बसलं होतं. टायरच्या कडेनं नुसत्या बारीक लाल रेघा. आमच्या कामवाल्या आवडाबाईंच्या टाचा उन्हाळ्यात अशाच दिसतात.

"बाबा, हे टायर बदलल्याशिवाय माझी लेक या गाडीत बसणार नाही," मी म्हणाले.

"बदलायचे कशाला? कोरे आहेत. नव्या टायरवरचे रबराचे केससुद्धा गेले नाहीत अजून."

केस होते खरे. बाबांच्या डोक्यापेक्षा जास्त होते.

"झिजायला आधी चालावं लागतं, चारुता. गाडी चाललीच कुठं?"

"रबर उभ्या उभ्याही वाळतं, बाबा. किती उन्हाळे काढलेत त्यानं पत्र्याखाली. हे कोरे नाहीत, कोरडे आहेत."

"उद्या मलाही म्हणशील," बाबा म्हणाले. उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण सासूबाई शेजारी उभ्या होत्या.

मी मिहिरला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, बाबांचं मन कशाला मोडतेस? हळू चालवतील ते." मनाला प्लास्टर लागत नाही, असं सांगून मी फोन ठेवला. मला भीती वाटत होती. नीरजा पाच वर्षांची, आणि मागची डाव्या खिडकीची जागा तिची ठरलेली. रोज शेडमध्ये त्याच जागेवर बसून ती आजोबांबरोबर खोटं खोटं काश्मीरला जायची.

शेवटी मी तिला घेऊन एसटीनं निघाले. सून एसटीत आणि सासरे गाडीत, लोक काय म्हणतील, यावर बाबांनी थोडं भाषण केलं. मी सासूबाईंनाही चला म्हटलं. त्या म्हणाल्या, "नको गं. ह्यांना एकटं सोडलं तर रागात आणखी जोरात हाकतील." त्यांनी आहेराचं गाठोडं नीरजाच्या जागेवर ठेवलं आणि नारळ मांडीवर घेऊन पुढं बसल्या. चाकांखालची लिंबं चिरडून गाडी फाटकाबाहेर पडली. नीरजा माझ्याशी बोलेना.

लासूर स्टेशनच्या पुढं एसटीचा वेग कमी झाला. डाव्या हाताला बाभळीला टेकून पांढरी गाडी उभी होती. मागच्या टायरच्या चिंध्या रस्ताभर पडल्या होत्या. मी ओरडून एसटी थांबवायला लावली. बाबा आणि सासूबाई शेजारच्या दगडावर बसलेले दिसले, तशी मी नीरजाला घेऊन खाली उतरले. नारळ अजून सासूबाईंच्या मांडीवरच होता.

टायर फुटून गाडी फिरली होती आणि कुशीनं झाडावर आदळली होती. मागचं डावं दार अर्ध्या सीटपर्यंत आत आलं होतं. आहेराच्या साड्या पत्र्यात अडकून फाटल्या होत्या.

आमच्यामागून कंडक्टरही खाली उतरला. "लागलं नाय ना कुणाला? मग बसा एसटीत, लगीन चुकंल."

नीरजा मात्र त्या दारापाशी जाऊन उभी राहिली.

"आजोबा, ही माझी जागा ना?"

बाबांच्या हातात टायरचा एक तुकडा होता. त्यांनी तो खाली टाकला. बोटांना वाळकं कुंकू लागलं होतं.

"हो बाळा," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोरडेच होते गं."

मी त्यांचा हात धरून त्यांना एसटीत चढवलं.

बाबांनी नीरजाला मांडीवर घेतलं. तिला खिडकीशी बसायचं होतं. वैजापूर येईपर्यंत त्यांनी तिला खिडकीशी बसू दिलं नाही.