पुढून येणारा आवाज

सराव शिबिराच्या तिसऱ्या दिवशी तोरुनने तो आवाज पहिल्यांदा बाहेरून ऐकला.

वसतिगृहाच्या गॅरेजमध्ये ती दोऱ्या ओढायच्या यंत्रासमोर स्टुलावर बसली होती. उजवा पाय लाकडी खोक्यावर टेकवलेला. दुखापतीला चार महिने झाले तरी डॉक्टर त्या पायाला स्की लावू देत नव्हते. वीस मिनिटं नुसते हात चालवायचे, पाच मिनिटं थांबायचं, की पुन्हा हात. दार सताड उघडं होतं. समोरच्या डांबरी रस्त्यावरून बर्फ नसताना वापरायच्या चाकांच्या स्कींची घरघर जवळ आली आणि मग एका तरण्या पोराचा खणखणीत आवाज: "हॉप, हॉप, हॉप... एक... बारा... हॉप, हॉप!"

आस्मुन पुढे, कमरेला छोटा स्पीकर बांधलेला. त्याच्या मागे दोन हातांवर सिग्नी, मान किंचित कलती, काठ्या एका तालात. बघता बघता ती दोघं दारासमोरून निघून गेली.

तोरुनच्या हातातल्या दोऱ्या सुटल्या. सहा वर्षं तो स्पीकर तिच्या कमरेला होता.

सिग्नीची दृष्टी सातव्या वर्षी गेली. बर्फ मात्र तिने सोडला नाही. आधी बापाच्या मागे, मग भावाच्या मागे, आणि स्पर्धांना लागल्यावर तोरुनच्या मागे. तोरुन स्वतः स्कीपटू म्हणून बेताचीच. जिल्ह्यात पहिल्या दहांत, देशात कुठेच नाही. पंचविशीत ती खेळ सोडायला निघाली होती, तेव्हा प्रशिक्षक हाल्डिसने तिला गाठलं होतं. "तुझे पाय ठीक आहेत, पण तोंड क्षणभर बंद राहत नाही. एका मुलीला असंच माणूस हवंय."

तेव्हापासून ती वाटाड्या झाली. घड्याळाच्या आकड्यांवर दिशा सांगायची. बारा म्हणजे सरळ, अकरा म्हणजे किंचित डावीकडे, एक म्हणजे किंचित उजवीकडे. चढ, उतार, निसरडं, गर्दी, सगळं बोलायचं. ती सवय अंगात इतकी मुरली की दुकानात अनोळखी माणसालाही ती "पायरी आहे हं, खाली" म्हणून जायची. आई वैतागायची. "अगं, मला दिसतंय! आंधळी झाले का मी?"

एप्रिलमध्ये हंगाम संपला आणि भाचीबरोबर खेळताना अंगणातल्या चरावरून तिने उडी मारली. मागून कुणीतरी सणसणीत लाथ घातली असं वाटलं. ती चिडून वळली, तर मागे कुणीच नव्हतं. टाचेमागची जाड शीर तुटली होती.

शिबिरात खोली मात्र पूर्वीसारखी दोघींची एकच होती. संध्याकाळी सिग्नी पलंगावर पालथी पडून पाठ ताणायची आणि विचारायची, "सांग."

"काय सांगू?"

"नेहमीचं. आज वर कसं होतं?"

"मी कुठे वर गेले? मी गॅरेजात होते. तुझा आस्मुन होता ना वर."

"त्याला विचारलं. म्हणाला, छान आहे. डोंगर कसा आहे? छान. ढग? छान. अख्खा नॉर्वे छान आहे त्याचा!" सिग्नी उशीत तोंड खुपसून हसली. "पण पोरगं बैलासारखं ताकदवान आहे हं, तोरुन. चढावर दमतच नाही."

तोरुन खिडकीशी गेली आणि समोरच्या कड्यावर उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यांचं वर्णन करू लागली. त्या बर्फावर पाय ठेवायची इच्छा तिला होतीच, पण त्याहून मोठी इच्छा होती ती दोन हातांवर मागे कुणीतरी असण्याची. चार महिन्यांत वळण कुठे आहे हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

सहाव्या दिवशी आस्मुनची फेरपरीक्षा निघाली. वसंतात नापास झालेला गणिताचा पेपर. तो सकाळच्या बसने शहरात गेला आणि नेमका त्याच दिवशी शिबिरातला सगळ्यात अवघड सराव होता. पठाराकडे चढणाऱ्या रस्त्यावर सहा-सहा मिनिटांचे पाच चढ.

"सिग्नी आज यंत्रावर करेल," हाल्डिस न्याहारीला म्हणाली. ती पावावर तपकिरी चीजचे काप रचत होती.

"मी नेते तिला," तोरुन म्हणाली.

"कशावर? एका पायावर?"

"सायकलवर. सायकलला डॉक्टरांची हरकत नाही. मी पुढे, ती मागे. सगळा चढच तर आहे."

हाल्डिसने सुरी खाली ठेवली. "फक्त चढ. खाली येताना दोघी माझ्या गाडीत. टाचेत जरा जरी टोचलं तर तिथल्या तिथे उतरायचं. कबूल?"

"कबूल."

सिग्नी टेबलापलीकडून म्हणाली, "माझं मत कुणी विचारणार आहे का?"

"नाही," दोघी एकदमच म्हणाल्या, आणि सिग्नी खूश होऊन कॉफी प्यायली.

पहिला चढ स्वर्ग होता. रस्ता रिकामा, कडेला मेंढ्या, हवेत पहिला गारवा. तोरुनने कमरेला स्पीकर बांधला, घसा खाकरला आणि म्हणाली, "बारा. सरळ, लांबच लांब. डावीकडे तीन मेंढ्या, बावळट दिसतायत. अकरा... अकरा... बारा." मागून काठ्यांची टकटक येत होती, आणि ती ऐकताना तिला वाटलं की मधले चार महिने कुणीतरी कात्रीने कापून टाकलेत.

दुसऱ्या चढावर रस्ता उभा झाला. तोरुनची पोटरी भरून आली. ती बोलत राहिली, पण वाक्यं आखूड होऊ लागली. मागची टकटक फार जवळ आली, मग एकदम मंदावली. पुन्हा जवळ आली, पुन्हा मंदावली. स्कीचं टोक मागच्या चाकाला घासलं तेव्हा तोरुनच्या लक्षात आलं. सिग्नी स्वतःला आवरत होती.

सहा मिनिटं झाल्यावर दोघी थांबल्या. तोरुन हँडलवर ओणवी होऊन धापा टाकत होती. सिग्नीचा श्वास मात्र गप्पा मारत आल्यासारखा.

"तू हळू चाललीस," तोरुन म्हणाली.

"तुझा पाय दुखावलेला आहे ना, बाई."

"ते सोड. मला एक सांग." हा प्रश्न आपण का विचारतोय हे तिचं तिलाही कळत नव्हतं. "फेब्रुवारीत. शेवटच्या चढावर. तेव्हाही तू मुद्दाम हळू चालली होतीस?"

फेब्रुवारीतल्या मोठ्या शर्यतीत त्या चौथ्या आल्या होत्या. पदक दोन सेकंदांनी हुकलं होतं, आणि तंबूमागे तोरुननेच सिग्नीला कवटाळून समजूत घातली होती.

सिग्नीने काठीच्या टोकाने डांबर टोकरलं. "तोरुन, आपण पाणी पिऊ या."

"हळू चालली होतीस का?"

"हो. थोडंसं." मग हलक्या आवाजात ती म्हणाली, "स्पीकरमधून तुझा श्वास ऐकू येतो. दोन वर्षांपूर्वी तो असा नव्हता. मला वाटलं, आणखी जोर लावला तर तू बोलायची थांबशील. आणि तू थांबलीस तर मी कुठे जाणार?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? माझी मैत्रीण म्हातारी झाली म्हणून? तू एकतीस वर्षांची आहेस!"

एरवी अशा बोलण्यावर दोघी हसल्या असत्या. तोरुनने सायकल कठड्याला टेकवली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन पाठमोरी उभी राहिली. सगळा दोष त्या शिरेचा, असं ती चार महिने धरून बसली होती. शीर जुळली की जुने दिवस परत येतील. आणि ते दिवस तर शीर तुटण्याआधीच संपले होते. ती ज्याच्यासाठी झुरत होती, ते गेल्या हिवाळ्यातही पुरतं तिचं नव्हतं.

मागून हाल्डिसची व्हॅन आली. काच खाली झाली. "काय झालं? टाच?"

"टाच ठीक आहे," तोरुन म्हणाली. "मागची दारं उघड. मी मागे बसून बोलते, तू गाडी पुढे घे. तिला पाहिजे त्या वेगाने."

हाल्डिसने एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग काही न विचारता मागची दारं दोरीने बांधली आणि तोरुनच्या कमरेला पट्टा आवळला.

गाडी निघाली. तोरुन मागे तोंड करून बसली होती, त्यामुळे पहिल्याच वळणावर तिचा स्वतःच्या डाव्या-उजव्याचा घोटाळा झाला. "अकरा!" ती म्हणाली, आणि सिग्नी सरळ चराकडे निघाली. "एक! अगं एक! एक!"

सिग्नीने कशीबशी स्की वळवली. "मारतेस का मला?"

"उलटी बसलेय मी! चूक झाली. बारा. बारा. आता धाव."

आणि सिग्नी धावली.

सहा वर्षं तोरुन तिच्या पुढे होती. वाटाड्याने मान वळवायची नसते. वळवली की पुढचा रस्ता नजरेतून सुटतो. त्यामुळे सिग्नीला स्की करताना समोरून तिने कधी नीट पाहिलंच नव्हतं. आता ती पाहत होती. ओठ मागे ओढलेले, दात दिसतायत, मानेच्या शिरा दोरासारख्या ताठ, आणि उजवा कान पुढे, तोरुनच्या तोंडाच्या रोखाने, जणू तो आवाज हाताने धरता येईल अशी ती त्यावर तुटून पडत होती. ती इतकी सुंदर दिसत असेल असं कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण?

"हाल्डिस, आणखी जोरात," तोरुन ओरडली. "तिला पुरत नाहीये."

उरलेले तिन्ही चढ त्यांनी असेच केले. शेवटी सिग्नी रस्त्यावरच आडवी झाली. आकाशाकडे तोंड करून ती शिव्या देत होती आणि हसत होती. तोरुन गाडीतून उतरली नाही. तिचे गाल ओले होते आणि वाऱ्याने ते थंड पडले होते.

संध्याकाळी सिग्नीने दबक्या आवाजात विचारलं, "रागावलीस?"

"हो."

"किती दिवस?"

"माहीत नाही. झोप."

दुसऱ्या दिवशी आस्मुन परतला. पेपर बरा गेला म्हणाला. कसा होता? छान. शिबिर संपायच्या आदल्या दिवशी तोरुन हाल्डिसच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "हिवाळ्याला आस्मुनचं नाव घाल."

"ऑक्टोबरपर्यंत पाय बरा होईल तुझा."

"पाय होईल."

हाल्डिसने नावांची यादी पुढ्यात ओढली. मग म्हणाली, "राखीव म्हणून तुझं नाव ठेवते. नाही म्हणू नकोस."

तोरुन नाही म्हणाली नाही. सिग्नीला तिने स्वतःच सांगितलं. सिग्नी आधी भांडली, मग रडली, मग तिने विचारलं, "खरंच का?" त्या प्रश्नाच्या तळाशी थोडीशी सुटका होती. तोरुनला ती ऐकू आली. इतक्या वर्षांत ऐकायची कला थोडी तिच्याकडेही आली होती.

नोव्हेंबरात गावी पहिला धड बर्फ पडला. तोरुन बालवाडीतल्या नोकरीवर परत रुजू झाली होती. सिग्नी आणि आस्मुन तेव्हा उत्तरेकडे पहिल्या शर्यतीला गेले होते. रविवारी सकाळी तिने स्की चढवल्या आणि जंगलातल्या वाटेने निघाली. टाच दुखली नाही. पाय हलके होते, बर्फ कोरडा होता, वाऱ्याचा मागमूस नव्हता. ती छान चालली होती आणि तिला त्यात काडीचा आनंद होत नव्हता. मग हळूहळू थोडा झाला.

वळणाआधी तिचा वेग आपसूक कमी झाला, सवयीने 'अकरा' ओठांवर आलं, आणि ती वाटेच्या मधोमध थांबली. मागून एक म्हातारा आला.

"जायचंय की उभं राहायचंय, बाई?"

"माफ करा. या, तुम्ही व्हा पुढे."

म्हातारा काठ्या टेकत पुढे गेला. तोरुन बाजूला सरून उभी राहिली आणि त्याच्या स्कींची करकर झाडांमागे पार विरेपर्यंत ऐकत राहिली. मग तिने हातमोजे नीट केले आणि त्याच वाटेने निघाली.