पहिल्या खाटेपासून

धर्माजींचे रक्त काढून झाल्यावर सुईला टोपण घालताना नर्स उज्ज्वलाचा हात निसटला आणि सुई तिच्या अंगठ्यात रुतली. तिने धावत जाऊन अंगठा नळाखाली धरला. हातात मोजा नव्हता. मोजे ती कोपऱ्यातल्या हौशीरामसाठी राखून ठेवी. तो ट्रकवर क्लीनर होता, आणि त्या दवाखान्यात एवढे कारण पुरत असे. कळंबचे बागायतदार धर्माजी यांच्याविषयी तसल्या आजाराचा विचार मनात आणणेदेखील औचित्याला सोडून झाले असते.

"लागण टाळायच्या गोळ्या कपाटात आहेत," डॉक्टर म्हणाले, "पण त्या सोसत नाहीत. शिवाय तुमचं बाळ अंगावर पितं, ते तोडावं लागेल. धर्माजींसारख्या माणसापायी हे कशाला? फार तर त्यांचं रक्त तपासू का, विचारा."

तिने विचारले. एचआयव्ही हा शब्द ऐकताच उशाशी बसलेला धर्माजींचा मुलगा संपत उसळला.

"बाई, माणूस बघून बोला! आमच्या घराण्यात असलं काय न्हाई."

कोपऱ्यातून हौशीराम हसला. "आमचं न इचारता नेत्यात, राव. तात्यांचं मातुर इचारून!"

"संपत," धर्माजी म्हणाले, "जा, च्या घिऊन ये."

"आत्ता?"

"आत्ता."

मुलगा बाहेर गेला. म्हाताऱ्याने पांघरुणाची कड चुरगाळली, सारखी केली, पुन्हा चुरगाळली. मग आवाज अगदी खाली आणला.

"माझं रगत तपासू नगं, पोरी. मला ठावं हाय. घरात कुनाला न्हाई." त्यांची नजर तिच्या अंगठ्यावर होती. "तू गोळी घे. आत्ताच घे."

तिने डॉक्टरांकडे गोळ्या मागितल्या. कारण सांगितले नाही. घोडेगावला घरी सासूने बाळाला वाटी-चमच्याने गाईचे दूध पाजून पाहिले. ते तोंड फिरवून आईकडेच झेपावत राहिले.

दुसऱ्या सकाळी उज्ज्वला ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली, तेव्हा संपत हाताची घडी घालून तिच्या हातांकडेच पाहत होता. ती दारात थांबली, मोजे चढवले आणि पहिल्या खाटेवरच्या भगवंतापाशी गेली. त्याच्या पायाला कुऱ्हाड लागली होती.

"काय सिस्टर, मी बी टरकवर चढलो व्हय?"

"आजपासून सगळ्यांनाच, भाऊ," ती म्हणाली, आणि दुसऱ्या खाटेसाठी मोज्यांची नवी जोडी काढून ठेवली. धर्माजींची खाट अजून लांब होती.