अरफाचा रोजा

चौथा घास मास्तरांच्या तोंडात गेला आणि मास्तरीणबाईंनी मान खिडकीकडे वळवली. बघवत नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हे आपले मजेत मऊ भात खात बसलेले.

"मीठ बरोबर घातलंस ना?" मास्तरांनी विचारलं.

"मी कुठे चाखलंय?" बाई बोलून गेल्या आणि जीभ चावली. त्यांचा स्वतःचा रोजा होता. मास्तरांचाही होता. फरक इतकाच, की मास्तर ते विसरले होते.

चाळीस वर्षं लोकांची मापं तोंडपाठ ठेवणारा हा शिंपी, म्हणून मास्तर. हल्ली बाथरूममध्ये जायचा आणि कशाला आलो म्हणून परत यायचा. पण पहाटे मात्र बाईंच्या आधी उठून बसला होता. आज अरफाचा दिवस, उद्या बकरी ईद. आजचा रोजा धरला की मागच्या वर्षाचे आणि येणाऱ्या वर्षाचे गुनाह माफ होतात, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं.

"डॉक्टर नको म्हणालेत," बाईंनी बजावलं होतं. "रमजानमध्ये साखर उतरून पडलात, ते पुरे नाही झालं?"

"अगं, माफी मागायची तर गुनाह आठवायला नकोत? मला आठवतच नाहीत. कुणाला काय बोललो, कुणाचं मन दुखवलं, सगळं पुसलं गेलंय. मग तौबा कशाची करू? त्यापेक्षा रोजा धरतो. आठवले-न आठवले, सगळे एकदम जातील."

हसावं की रडावं तेच बाईंना कळेना. त्यांनी रोज्याआधीची पहाटेची सहरी वाढली.

ऊन चढलं तसे मास्तरांचे हात थरथरायला लागले. रोजा विसरून जेवले तर काय, हे विचारायला बाईंनी मशिदीच्या मौलानांना फोन लावला. ते म्हणाले, "विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही. तो घास अल्लाहनेच भरवला समजा. आणि माणूस अशक्त असेल तर आठवणही करून देऊ नका. खाऊ द्या पोटभर."

बाईंचा जीव भांड्यात पडला. मास्तर विसरणार याची तर खात्रीच होती. मग त्यांनी भात शिजवला, ताट मास्तरांसमोर ठेवलं आणि स्वतः बाजूला झाल्या. आता ताट ठेवणं म्हणजे भरवणंच की नाही, हे काही त्यांनी मौलानांना विचारलं नव्हतं. विचारायचा धीर झाला नव्हता म्हणा.

अर्ध्या ताटावर मास्तरांचा हात थांबला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "आज माझा रोजा आहे का?"

विसरून खाल्लं तर काय, ते माहीत होतं. पण त्यांनीच विचारलं तर? हो म्हणावं तर हा माणूस तोंडातला घास थुंकेल, गोळी घेणार नाही आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्यात असेल. नाही म्हणावं तर आजच्या दिवशी, रोज्याच्या तोंडाने, धडधडीत खोटं.

"नाही," त्या म्हणाल्या. "रोजा माझा आहे."

"म्हणजे माझा राहिला?"

"राहिला."

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. "मग माझ्या गुनाहांचं काय गं?"

"मी आहे ना. मागते तुमच्यासाठी."

मास्तरांनी उरलेला भात निमूटपणे संपवला. गोळीही घेतली.

दुपारभर बाईंच्या डोक्याचा भुगा झाला. मास्तरांचा रोजा आधीच्या घासांनी तुटला नव्हता, मग नंतरच्या घासांनी तुटला का? तुटला असेल तर तोडला कुणी? आणि आपला तरी शाबूत आहे का? नमाजला उभ्या राहिल्या, तर रकातींची आवर्तनं दोन झाली की तीन याचाच घोळ. दुआसाठी हात उचलले, पण आधी यांची माफी मागावी की आपली, ते ठरेना. शेवटी, "तुला सगळं दिसतंय, तूच बघ," एवढंच म्हणून त्यांनी हात तोंडावरून फिरवले.

सूर्य बुडायला आला तेव्हा त्यांनी दोन पेले भरले. मनात एक पक्कं केलं होतं: अजान झाली की पहिला घोट मास्तरांना द्यायचा. त्यांना कळो न कळो, सकाळी रोजा त्यांनी धरला होता, सोडायचाही त्यांनीच.

अजान झाली. बाईंनी पेला पुढे केला. "घ्या. बिस्मिल्लाह करा."

मास्तरांनी पेला घेतला आणि दोन्ही हातांनी परत बाईंच्याच ओठांशी नेला.

"तू आधी," ते म्हणाले. "दिवसभराची उपाशी आहेस."

"अहो, तुम्ही घ्या ना आधी."

"नाही गं. मी दुपारी जेवलोय. मला आठवतंय."

सकाळचं आठवत नव्हतं, आजचा वार आठवत नव्हता. तेवढं मात्र आठवत होतं. बाई डोळे मिटून पाणी प्यायल्या, आणि पेला रिकामा होईपर्यंत मास्तर तो धरून उभे राहिले.